आखाजीला पाहिलेलं पार्किंग

धाकट्या भावाच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सगळे पाहुणे वर जाऊन किचन बघत होते, गॅलरीतून दिसणारं जळगाव बघत होते, आणि मी खाली त्याच्या पार्किंगमध्ये एकटा उभा होतो. भिंतीवर त्याच्या गाडीचा नंबर पिवळ्या रंगात लिहिलेला, जमिनीवर पांढरे पट्टे, डोक्यावर स्लॅब, आणि सहा पावलांवर लिफ्ट. ती सहा पावलं मी मोजली होती. मे महिन्याची दुपार होती, बाहेर कुत्रंही दिसत नव्हतं. मी त्याच्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवून पाहिला तर ते गार होतं. माझ्या पोटात त्या क्षणी जे दुखायला लागलं ते पुढे तीन वर्षं थांबलं नाही.

माझी गाडी तेव्हा धुळ्यात, देवपुरातल्या भाड्याच्या घरासमोर गटारीच्या कडेला उभी असायची. स्टिअरिंगला ओला टॉवेल गुंडाळल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. छताच्या रंगाचे पापुद्रे निघत होते. समोरच्यांचा कूलर गळायचा, त्या पाण्याचे पांढरे डाग काचेवरून जात नसत. भाऊ आला की एकदा तरी विचारायचा, "भाऊ, सावलीत नाही का लावता येत?" तो आपला काळजीनं विचारायचा, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. लहानपणी त्याला सायकल मी शिकवली होती.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण प्रश्न मायचा होता. वडील गेल्यावर माय पिंपळनेरला एकटी राहायची. तिचे गुडघे गेले, तेव्हा तिनं मोठ्याकडे, म्हणजे माझ्याकडे यायचं हे मी धरूनच चाललो होतो. ती दिवाळीला म्हणून जळगावला गेली आणि तिकडेच राहिली. मी फोन केला की सांगायची, "आठे गाडी थेट लिफ्टजोडे जास. मना पाय उनमा पडतबी नही." तिथं उन्हात पाय पडत नाही, हे ती कौतुकानं सांगायची आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मायला भावानं जिंकलं नाही, त्याच्या पार्किंगनं जिंकलं, असं मी मनात पक्कं करून टाकलं. भावाला मी काय बोलणार? पण पार्किंग आपल्यालाही घेता येतं.

मग घरं बघायला सुरुवात केली. बायको नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारायची, ओट्याची उंची बघायची, खिडक्या उघडून बघायची. मी दारातूनच विचारायचो, "गाडी कुठं लावायची?" डिकीत मोजायचा टेप ठेवलेलाच असायचा. एका ठिकाणी चढ इतका उभा होता की गाडीचं पोट घासलं. एका ठिकाणी आमच्या वाट्याच्या जागेत पाण्याच्या टाकीचं झाकण होतं, टँकर आला की गाडी काढायची. एका ठिकाणी खांब असा मधोमध होता की गाडी लावल्यावर माणसानं काचेतून बाहेर पडायचं. एजंट मला बघून हसायला लागले. एक जण तर बायकोला म्हणाला, वहिनी, साहेबांना घर नको, गॅरेज दाखवतो.

त्यातलं एक रो-हाउस बायकोच्या मनात भरलं होतं. तळमजला, मागे हात धुवायला मोरी, पुढे ओटा, शेजारी बोलकी माणसं. मायला तिथं जिना नाही, लिफ्ट नाही, दारातच खुर्ची टाकून बसता येईल, असं ती म्हणाली. पण गाडी रस्त्यावर उभी करावी लागणार होती, वर छप्पर नव्हतं. मी नाही म्हणालो.

पुढे जे झालं ते खानदेशातल्या माणसाला सांगायची लाज वाटते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. बायको माहेरी पहूरला गेली. आमच्याकडे आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, आणि चाकरमाने घराला कुलूप लावून गावी जातात. मी ऑफिसच्या कामामुळे मागे राहिलो होतो. एजंटचा फोन आला की एक फ्लॅट आहे, दुसरा मजला, लिफ्ट आहे, आजच बघून घ्या, मुहूर्ताचा दिवस आहे. मी गेलो. वर दहा मिनिटं आणि खाली अर्धा तास थांबलो. सगळ्या बिल्डिंगखाली मोकळं मैदान होतं. एक जुनी स्कूटर आणि झाकलेली एक गाडी, बाकी काही नाही. एजंट म्हणाला, जागा कोणाच्या नावावर नाही, कॉमन आहे, पाहिजे तिथं लावा. मला वाटलं, भावाला एका गाडीचा पट्टा मिळाला, मला सगळी बिल्डिंग मिळाली. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त, असा योग परत यायचा नाही, म्हणून मी बायकोला न विचारता तिथंच बयाणा दिला.

ती पहूरहून आली, ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "आखाजीला सगळं धुळं रिकामं असतं. तुम्ही पार्किंग बघायला नेमका तोच दिवस शोधला?"

मी आयुष्यभर खानदेशात राहिलेला माणूस. दर आखाजीला आपली गल्लीसुद्धा ओस पडते हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर पिवळ्या रंगातला तो नंबर होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, हे ती बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

राहायला गेलो तेव्हा गाड्यांची खरी गर्दी कळली. घरं बारा, गाड्या अकरा, जागा सहा-सात गाड्यांची, त्यात दुचाक्या वेगळ्या. माझी गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापुढे, देवपुरात होती त्याहून जास्त उन्हात. तरी मी जळगावला जाऊन मायला घेऊन आलो. वाटेत तिला सांगत आलो की आता माझ्याकडेही खाली छप्पर आहे. फाटकापाशी आलो तर आत पाय ठेवायला जागा नाही. मी हॉर्न वाजवत बसलो. मग उतरून एकाशी भांडलो, माझी म्हातारी आई आहे, तुम्ही गाडी काढा. तो माणूस जेवत होता, खरकट्या हातानं खाली आला आणि चावी शोधायला लागला. तोवर माय स्वतःच दार उघडून उतरली होती आणि भिंतीला धरत धरत लिफ्टकडे निघाली होती. त्या माणसाला तिनं हातानंच राहू दे म्हटलं.

त्यानंतर मी त्या पार्किंगच्या मागे हात धुवून लागलो. लिफ्टला लागून असलेल्या जागेत एका शिक्षकाची गाडी असायची. तो सकाळी सहाला निघतो, साडेसहाला दुसरा तिथं घुसतो, हे मी गॅलरीतून चहा पीत पीत टिपून ठेवलं. एका सकाळी शिक्षकाची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी चप्पल न घालता खाली धावलो. ती जागा मला मिळाली. मायला खास खाली नेऊन दाखवली. लिफ्टपासून पाच पावलं. भावाकडे सहा होती, हेही सांगून घेतलं.

माय गाडीकडे बघत म्हणाली, "चांगली शे. मंग कव्हय जाऊत?"

कधी जायचं, इथंच घोडं पेंड खात होतं. एकदा जागा मिळाली की त्या शिक्षकासारखा एखादा सोडला तर आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी गाडी काढत नसे. काढली की गेली. लोक लग्नाला एसटीनं जायचे. मीही ऑफिसला स्कूटरनं जायला लागलो. रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचो, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि बंद करून वर यायचो. शेजारीही तेच करायचे. दोन गाड्या एका जागी घुरघुरत उभ्या आणि आम्ही दोघं आत बसून पेपर वाचतोय, हे दृश्य मायनं गॅलरीतून पाहिलं असणार.

तिला मुक्ताईनगरला जायचं होतं. मुक्ताईचं दर्शन घ्यायचं, एवढंच. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी म्हणालो, ऊन फार आहे. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, भाड्याची गाडी करतो, आरामात जाऊन ये. बायकोनं हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. गाडी दिवसभरासाठी काढली तर संध्याकाळी ती जागा आपली राहणार नाही, मग मायला उन्हातून चालत यावं लागेल, हे सगळं मी तिच्यासाठीच करतोय, असा माझा हिशोब होता. मायला ते समजावूनही सांगितलं. तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिनं भावाला फोन केला. रविवारी सकाळी तो जळगावहून हजर. मी वरूनच सांगितलं की आत जागा नाही. तो म्हणाला काही हरकत नाही, रस्त्यावर थांबतो. मायनं नवं लुगडं नेसलं होतं. मी खाली आलो तेव्हा ती माझ्या गाडीला वळसा घालून बाहेर निघाली होती. मला वाटलं आता तरी म्हणावं, थांब माय, मी नेतो. चावी खिशातच होती. पण समोर फाटकाबाहेर शेजाऱ्याची गाडी इंडिकेटर लावून उभी होती, तिला माझी जागा हवी होती हे मला लांबूनच कळत होतं.

"तुनी गाडी ऱ्हाऊ दे सावलीमा," माय म्हणाली. "मी तुना भाऊनी गाडीमा जाई येस."

भाऊ म्हणाला, "तू पण चल ना भाऊ, मागं जागा आहे." मी काम आहे म्हणून सांगितलं. काही काम नव्हतं. त्याच्या गाडीत मागे बसून मायला पुढे त्याच्या शेजारी बघायचं, हे मला जमलं नसतं. तिला पुढच्या सीटवर बसवताना त्यानं तिचा पदर दारात अडकू नये म्हणून उचलून आत घेतला. ते बघून मी तोंड फिरवलं.

संध्याकाळपर्यंत मी दोनदा खाली जाऊन आलो. बायकोनं मायसाठी मऊ खिचडी टाकली होती. सातच्या सुमारास फोन वाजला. माय थकलेली पण खुशीत होती. दर्शन छान झालं म्हणाली, वाटेत उसाचा रस प्याली, भावानं गाडी देवळाच्या बऱ्याच लांब लावली आणि तिला हाताला धरून हळूहळू नेलं. मग म्हणाली, "थकी गऊ रे बेटा. जळगाव पहिलेच लागनं, मी आठेच उतरनू."

मी बरं म्हणालो. तिची पिशवी माझ्याकडेच होती, तिचे कपडे दोरीवर वाळत होते. फोनमधून भावाच्या मुलांचा आवाज येत होता. तिनं खरोखरच्या काळजीनं विचारलं, "तुनी गाडी जागावर शे ना?"

"शे," मी म्हणालो.