पोथी नव्हे, दोधू मास्तरांची वही

नाशिककर मिसळीबरोबर पापड का देतात, याचा शास्त्राधार मला आजवर कुणी दाखवलेला नाही. मिसळ हा समाहार द्वंद्व समास. मटकी, फरसाण, कांदा त्यात आपापली ओळख विसरून नांदतात. पापड मात्र उघडउघड प्रक्षिप्त. सोमवारी सकाळी हॉटेलमालकाला हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात नामपूरहून हेमंतचा फोन आला. तो तिथल्या शाळेत शिक्षक आणि माझ्या वर्तमानपत्री सदराचा जुना वाचक.

"सर, दोधू मास्तरांची वही सापडलीय. पण अकराला नदीत सोडणारेत."

साडेसात वाजले होते. पापड तसाच टाकून निघालो.

दोधू मास्तर इंग्रजी अमदानीत बागलाणातल्या शाळांतून शिकवत आणि कविता करत. तुम्ही हे नाव ऐकलेलं नसणार, आणि त्याला थोडाफार मीही कारण आहे. फार वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्या दोन ओळी छापून आल्या होत्या : "माझी पाटी काळी आहे, पुसू नको चांद तू." मी सदरात लिहिलं की पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सात, मास्तर गणित शिकवत नसावेत अशी आशा करू या. लोक हसले. त्यानंतर मास्तरांचं नाव कुणी काढलं नाही.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. आग्रा महामार्गाने सोग्रस फाटा, तिथून देवळा, सटाणा आणि मग नामपूर. एकूण तीन तास धरा. सटाण्याला शेवभाजी आणि बाजरीची भाकरी स्वस्त मिळते आणि घाम फुटेल इतकी तिखट असते. मी जाताना थांबलो नाही. नामपूरच्या अलीकडे मात्र थांबावंच लागलं, कारण कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग बाजार समितीपासून थेट रस्त्यावर आली होती. साडेदहा झाले. पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला हात जोडले.

"दादा, जरा बाजूला घ्या ना. नदीवर पोचायचंय."

"कोन वारलं?"

"अजून कोणी नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ट्रॅक्टर बाजूला घेतला.

मास्तरांच्या घरासमोर जीप सुरू होती. आत ताटात नारळ, फुलं आणि लाल फडक्यात बांधलेली वही. पणतू रावसाहेब चपला घालत होते. हेमंत दारात हात पसरून उभा होता, जणू कबड्डीत शेवटचा गडी.

"सर, तुम्हीच सांगा यांना."

रावसाहेब शांतपणे म्हणाले, "पोथी जुनी झाली, वाळवी लागली. फाटकी पोथी घरात ठेवू नाय. संकल्प झालाय आमचा."

घोटाळा असा होता की वही मोडीत लिहिलेली. घरात मोडी कुणाला वाचता येईना. पानोपानी वर "श्री" तेवढा ओळखू येई. म्हणून दोन पिढ्यांनी तिला पोथी समजून दर गुरुवारी हळदकुंकू वाहिलं होतं. कितीतरी ओळी त्या कुंकवाखाली गेल्या होत्या. मोडी हेमंतलाही येत नव्हती, पण ओळींची मांडणी बघून ही मास्तरांच्या कवितांची वही असणार हे त्याने ताडलं होतं.

"मला मोडी येते. एकच पान वाचू द्या," मी म्हणालो.

"वाचा. पन लवकर."

पान कडेने भुगा होत होतं. उघडलं ते नेमकं स्मरणिकेतल्या त्या दोन ओळींचं पान. मी मोठ्याने वाचलं, "मन्ही पाटी कायी आहे..."

आतून भाकरीच्या पिठाने भरलेले हात घेऊन सुभद्राबाई आल्या. मास्तरांची नातसून, रावसाहेबांची आई.

"आहे नई रे भाऊ! शे! मन्ही पाटी कायी शे!" आणि हात हलवत त्यांनी पुढची ओळ गाऊनच टाकली, "पुसू नको चांद तू."

मी पुन्हा पानाकडे पाहिलं. तिथे स्पष्ट "शे" होतं. अहिराणीत "आहे"ला "शे" म्हणतात, आणि "ळ"चा "य" होतो. सात अक्षरं आणि सात अक्षरं. स्मरणिकावाल्यांनी मास्तरांना शुद्ध केलं होतं, मी त्यांना नापास केलं होतं, आणि आता वही हातात असताना पुन्हा तेच केलं.

"हाई तं गानं शे," सुभद्राबाई म्हणाल्या. "मन्ही सासू पायना हालावताना म्हने. मंग हाई पोथी नई?"

"नाही बाई. तुमच्या आजेसासऱ्यांच्या कविता आहेत."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "रावसाहेब, गाडी बंद कर."

"आई, संकल्प..."

"नारय सोड नदीमा. गानं सोडतस का कोनी?"

जीप बंद झाली. नारळ एकटाच नदीवर गेला.

दोन दिवस हेमंतकडे राहून मी प्रत्येक पानाचा फोटो घेतला. पानं उलटताना तुटत होती; शेवटची काही तर फोटो घेतल्यावर पुन्हा उलटता आली नाहीत. परतताना सटाण्याला शेवभाजी खाल्ली. घाम फुटला, पण तो भाजीचाच होता असं खात्रीने सांगत नाही.

आता नाशिकला घरी बसून देवनागरीत प्रत करतोय. काल पहिली वीस पानं फोटोंशी ताडून पाहिली. तीन ठिकाणी माझ्या हाताने "आहे" लिहिलं होतं आणि एका ठिकाणी "डोया"चा "डोळा" झाला होता. मला कळलंही नव्हतं. कुंकवाखालच्या ओळी तर मी अंदाजानेच लावतो आहे, आणि मला अहिराणी येत नाही. वही फार दिवस टिकणार नाही. मग लोक माझ्या प्रतीलाच मास्तर समजतील. मला त्याचीच भीती वाटते.