पात्यामागची पट्टी

परशुराम ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात फिटर होता. त्याची बायको तुळसा बाळकुमच्या खाडीत मासे धरायची. १९८६ च्या हिवाळ्यात जाळ्याची दोरी कापताना तिच्या हातातला घडीचा चाकू अचानक मिटला. तर्जनीच्या आतली, बोट वाकवणारी शीर तुटली. जखम भरली, पण ते बोट पुन्हा वाकलं नाही.

पहिली पाळी सुटली की परशुराम तो चाकू घेऊन खाडीकाठी बसू लागला. उघडायचा, मिटायचा. पाण्यावर ऊन हलत असायचं आणि त्याला वाटायचं, आपण हळूहळू त्या मुठीच्या आतच शिरतोय. आत एक स्प्रिंग पात्याला नुसती दाबून धरत होती. जोर आला की पातं खुशाल मागे फिरत होतं. त्याला अडवणारं कुणीच नव्हतं.

कल्याणच्या जुन्या बाजारात त्याला एक परदेशी चाकू मिळाला. तो उघडला की बारीक ‘टक्’ व्हायचं आणि पातं हलायचं नाही. परशुरामने रिव्हेट काढून तो सुटा केला. मुठीच्या आतल्या बाजूला पोलादी पट्टी होती, किंचित आत वाकवलेली. पातं मिटलेलं असताना ती बाजूला दबून राही. पातं पूर्ण उघडलं की आपल्याच ताणाने सरकून त्याच्या बुडामागे उभी राही. अंगठ्याने तिला बाजूला सारल्याशिवाय पातं मिटत नसे.

दुपारचं जेवण विसरून तो बराच वेळ हसत बसला होता.

महिनाभर कानस चालवून त्याने तसाच चाकू केला. तुळसाने तो चार दिवस वापरला आणि खाडीकाठी, होडीपाशी त्याला परत आणून दिला.

“ह्यो बी मिटंल,” ती म्हणाली.

“कसा मिटेल? मी टेबलावर पन्नासदा आपटून बघितलाय.”

“तुमच्या टेबलावर चिखल हाय का? आज आवाज ऐका त्याचा. बोदा येतो.”

तिने चाकू उघडला. बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवून त्याची पाठ होडीच्या काठावर हाणली. चाकू मिटला.

परशुरामने आत पाहिलं. पट्टीच्या वाटेत खाडीचा गाळ साचला होता. त्यामुळे ती पूर्ण सरकतच नव्हती, जेमतेम कडेवर टेकत होती. इतकी साधी गोष्ट त्याला टेबलाशी बसून कधीच सुचली नसती.

पुढच्या चाकूची मूठ त्याने मागून उघडी ठेवली. पाण्यात एकदा विसळला की गाळ निघून जाई. तुळसाने तो पावसाळाभर वापरला, मग पात्याची पाठ पुन्हा होडीच्या काठावर हाणून बघितली. पातं जागचं हललं नाही.

तिच्या भावजयीने, ठमाबाईने, तसाच मागितला; मग शेजारच्या होड्यांवरच्या बायकांनीही. परशुराम सुट्टीच्या दिवशी दारात बसून चाकू घडवायचा. शेजारी तुळसा डोळे मिटून बसायची आणि एकेक चाकू कानाशी उघडून बघायची. तिला आवाज पटला नाही, तर परशुराम तो तिथल्या तिथे पुन्हा खोलायचा.

१९९५ पर्यंत त्याने असे चाळीसेक चाकू केले. एकही कुणाच्या बोटावर मिटला नाही.