तेलाच्या डब्यातली खर्चुडी

जिंतूरच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत माणसांनाच धड जागा नव्हती, तिथं सुकेशनीनं खिडकीत रान टांगलं होतं. तेलाचे जुने डबे, बुडाला भोकं पाडून तारेनं लटकवलेले. एकात गुळवेल, एकात रानकांदा आणि मधल्या डब्यात खर्चुडी, कंदातून फुटणारा रानवेल. पावसाळ्यात ती सुतळीवर चढायची, कंदिलासारखी फुलं धरायची. माहेरची टेकडी खडीसाठी फोडली तेव्हा सुकेशनीनं हा एकच कंद वाचवून आणला होता. आईबाप कधीचेच गेलेले. माहेर म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

दिवाळीनंतर वेल वाळतो, कंद मातीत निजतो. तेव्हा, नवा कोंब येईपर्यंत, त्याला पाणी दाखवायचं नसतं. तिला हे ठाऊक होतं, घरात सांगायचं मात्र राहून गेलं.

मृग लागला. गुळवेल फुटली, खर्चुडीचा पत्ता नाही. शिलाई मशीनवर सुकेशनीचं चित्त ठरेना. शेवटी तिनं डब्यात बोट घातलं तर माती चिंब.

"आत्या, यात पाणी कुणी घातलं?"

सासू, सगुणाबाई, दारात गहू निवडत होती. "म्याच. ऊन लय होतं. रोज माझ्या तांब्यातलं घोटभर घालायची. मुका जीव हाय."

टंचाईत म्हातारीनं स्वतःच्या वाटणीचं पाणी घातलेलं, रागवावं तरी कसं? तिनं डबा पालथा केला. कंद एका अंगानं सडला होता.

"तुमी मारलं याला," तिच्या तोंडून निघून गेलं. सगुणाबाईचा हात सुपातच थांबला.

सडका भाग कापून, शेजारच्या चुलीतली राख चोळून सुकेशनीनं कंद त्याच डब्यात कोरड्या मुरमात पुरला. पुढं घरात अबोला धरला गेला. सगुणाबाई खिडकीकडं पाठ करून जेवायची. सुकेशनीला वाईट वाटायचं, पण जीभ उचलत नव्हती. कंद गेला तर आपण हिला कधी माफ करू शकू का, याचीच तिला भीती वाटत होती.

मग एका सकाळी ती उठली तर सगुणाबाई डब्यापाशी भरला तांब्या घेऊन उभी. मुरमातून हिरवं टोक वर आलेलं. तांब्या कलता झाला नव्हता.

"आता घालू का?" सगुणाबाईनं विचारलं. "अन् कवा थांबायचं, ते ह्या बारीला सांगून ठेव, माय."