गडग्याभायर

आमच्या आजीला आजोच्या मरणाची भीती नव्हती. मेल्यावर त्याला पुरणार कुठं, याची होती. आम्हा किरिस्तावांच्या दफनभूमीला चिऱ्यांचा गडगा होता. आत बाप्तिस्मा झालेली माणसं. बाहेर घाणेरीच्या जाळीत पुरलेली, जीव दिलेली माणसं आणि बाप्तिस्म्याआधीच गेलेली पोरं. रविवारी चर्चला जाताना ती जाळी आली की आजी माझा हात असा आवळायची की बांगडी रुतायची.

कारण काय, तर नारळ! जत्रेला देवळात गाऱ्हाणं घातलं की मानकऱ्यांना एकेक नारळ मिळे, आणि त्यातला एक मान आमच्या घराचा. आमचे पूर्वज किरिस्ताव कधी झाले देव जाणे, पण गावानं मान काढून घेतला नाही आणि आम्हीही सोडला नाही. आजो काळा कोट घालून देवळाच्या पायरीखाली उभा राही, नारळ घेऊन घरी येई. आजी त्या नारळाला शिवत नसे. मग म्हातारा स्वतःच खवायला बसे आणि वर तिलाच विचारी, "कढी बरी झाली मा गो?"

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपास नवा पाद्री आला. त्यानं भर प्रवचनात बजावलं, देवळाचा नारळ घेणाऱ्याला गडग्याच्या आत जागा नाही. सगळं चर्च वळून आजोकडं बघायला लागलं. घरी आल्यावर आजीनं त्याचे पाय धरले.

"सोडा तो मान! मी मेलंय काय आत, नि तुमी भायर? असा चलात?"

"अगो, नारळ माझो खंय? तो घराचो. मी कसो सोडू?"

त्या जत्रेलाही तो गेलाच. हट्टी मेला, दुसरं काय!

पुढच्या पावसात त्याची छाती भरली. पाद्री शेवटचं तेल लावायला आला आणि म्हणाला, "आधी सांग, मान सोडला." आजोला धाप लागली होती. मी मनात ओरडत होते, म्हण रे म्हाताऱ्या, दोनच शब्द! त्यानं डोळे मिटले आणि नाही म्हणून डोकं हलवलं. पाद्री तेल न लावताच कुपी बंद करून निघून गेला. उजाडायच्या आत आजो गेला.

सकाळी पाद्र्यानं घाणेरी तोडायला माणसं लावली. बाबा गयावया करत होते. मला पाद्र्याचा संताप आला होता, आजोचा त्याहून जास्त. आजी जन्मभर पाद्र्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. ती गडग्याबाहेर येऊन उभी राहिली. रडली नाही.

"पाद्रीनू, दोन फोंडे खणूक सांगा. एक ह्यांचो, एक माझो."

खड्डा एकच खणला गेला.

काही वर्षांनी आजी गेली तेव्हा पाद्री बदललेला होता. भला माणूस. आपणहून म्हणाला, तिला आत जागा देतो. बाबांनी त्याला हात जोडले, आणि आम्ही तिला बाहेर नेलं.