अठरा साड्या आणि एक पान

गेल्या मंगळवारी सकाळी नागपूरच्या सक्करदऱ्यातून फोन आला आणि माझा चहा तसाच राहिला... "काहून गा, तुह्या वेबसाईटनं आमच्या साड्या खाल्ल्या का?"

फोन सिंधूकाकूंचा. त्यांची हातमाग विणकरांची एक छोटी सोसायटी आहे, बारा माग उरलेत. आमच्या कंपनीने त्यांची वेबसाईट बनवली आणि ती चालवायला शिकवायचं काम माझ्याकडे. फोटो कसा टाकायचा, माहिती कशी लिहायची, कुठलं बटण दाबायचं... एवढंच.

मी मूळचा कुडाळकडचा. दहावीला दोनदा आपटलो आणि घर सोडलं. नागपुरात हॉटेल झालं, कुरिअर झालं, मोबाईलचं दुकान झालं... कुठेच तीन महिन्यांच्या वर पाय टिकला नाही. या कंपनीत पाचवा महिना चालू आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने विक्रमच.

काकूंनी परकरी वयापासून माग चालवला. ऐंशीच्या दशकात त्यांच्या गल्लीत घरोघरी खटखट चालायची म्हणतात. आता गुडघे धरले म्हणून त्या ऑफिस सांभाळतात. दोन दिवस मी शिकवलं, त्यांनी वहीत सगळं उतरवून घेतलं. रोज एक साडी टाकायची असं ठरलं.

त्याच मंगळवारी संध्याकाळी बंगळुरूचा एक दुकानदार साईट बघून ऑर्डरचं ठरवणार होता. ऑर्डर आली नाही तर दोन विणकर माग झाकून दुसरीकडे कामाला जाणार होते. आणि साईटवर साडी होती एकच... काकू म्हणत होत्या, मी तं अठरा टाकल्या!

आमच्या कंपनीचे सर एवढंच म्हणाले, "जा, आणि नीट करूनच ये." त्यांच्या आवाजावरून बाकीचं कळलं.

पोचल्या पोचल्या मी चूक केली. "काकू, तुमच्याकडून डिलीट दाबलं गेलं असेल," म्हणालो. काकूंचा चेहरा असा झाला की मागच्या बाजूला विणत बसलेल्या मारुतीभाऊंचा मागही थांबला. त्यात अर्ध्या साड्या विकल्या गेलेल्या, फोनमधले फोटो जागा नाही म्हणून पुसलेले. पुन्हा काढायचे म्हटलं तरी कशाचे काढणार?

म्हटलं, काकू, रोज करता तसं करून दाखवा. त्यांनी कालच्या साडीचं पान उघडलं. जुना फोटो काढून नवा लावला, नाव बदललं, रंग बदलला आणि 'अपडेट' दाबलं. झालं... नवी साडी आली आणि कालची गेली. अठरा दिवस अठरा साड्या एकाच पानावर!

वहीत पहिल्याच ओळीत लाल पेनने लिहिलेलं, 'नवीन पान उघडणे.' मी विचारलं, मग ते काहून नाही केलं? (बघा, आता मीही 'का'ला काहून म्हणायला लागलो.)

काकू वही मिटून उठल्या. मला मागे मारुतीभाऊंच्या मागापाशी घेऊन गेल्या. साडीचं कापड संपलं की विणकर उभे धागे सगळे काढून टाकत नाहीत. मागाच्या फणीत थोडी टोकं ठेवतात आणि नव्या ताण्याचा, म्हणजे नव्या उभ्या धाग्यांतला, एकेक धागा त्या टोकांना जोडतात. "रिकाम्या मागावर कोनी सुरुवात करते का गा? एवढे धागे फणीतून परत कोन ओवन?"

आणि खरंच... नवीन पान उघडलं की सगळे रकाने रिकामे. लांबी, सूत, धुण्याच्या सूचना, सगळं पहिल्यापासून भरा. जुन्या पानात ते आयतं होतं. काकूंनी चाळीस वर्षं जे केलं तेच केलं होतं.

मारुतीभाऊ हसत म्हणाले, "पोट्टा शिकवाले आला अन् सोताच शिकून राहिला!"

पण साड्यांचं काय? स्क्रीनच्या कडेला 'रिव्हिजन्स' असा एक शब्द असतो. पाच महिने मी तो रोज बघत होतो, पण कळत नाही म्हणून कधी दाबला नव्हता. त्या दिवशी दुसरं काही उरलंच नव्हतं... दाबला.

वर एक पट्टी आली. ती मागे सरकवली तर कालची साडी. अजून मागे, परवाची. प्रत्येक अपडेटच्या आधीचं पान जसंच्या तसं जपून ठेवलेलं! काकू बाजूला उभ्या राहून मोजत होत्या... करवतकाठीची हिरवी, ती जांभळी, ती विकली ती... अठराच्या अठरा निघाल्या. फोटोही साईटच्या साठ्यात सगळे पडून होते.

दुपारभर बसून आम्ही प्रत्येकीला स्वतंत्र पान दिलं. मग जुन्या पानाची कॉपी काढून त्यात बदल कसे करायचे ते दाखवलं. काकूंनी वहीतली लाल ओळ खोडली आणि लिहिलं, 'जुन्या पानाले नवं जोडणे.' त्या दिवशीची एकोणिसावी साडी त्यांनी एकटीने टाकली. मी हात मागे बांधून उभा.

परवा बंगळुरूहून निरोप आला. चार साड्या नमुन्याला मागवल्यात. पुढचं पुढे... पण त्या दोन्ही विणकरांचे माग चालू आहेत.

आता ट्रेनिंगला गेलो की बटणं नंतर दाखवतो. आधी विचारतो, तुमचं काम कसं चालतं ते दाखवा.

आणि एक... मी आजवर प्रत्येक काम असं सोडलं की मागे एक धागा ठेवला नाही. काल मोबाईलच्या दुकानवाल्या भाऊंना फोन केला, ज्यांना न सांगता निघून आलो होतो. फोटो नीट काढायला त्यांनीच शिकवलं होतं, तेच मी आज लोकांना शिकवतो. दोन शिव्या घातल्या त्यांनी... आणि मग म्हणाले, रविवारी जेवायले ये.