मास्तरांच्या चालीतली मोकळी जागा

शिरूरच्या आमच्या मंगल कार्यालयात लग्न ठरलं की जेवण, मांडव, बँड या क्रमाने मी कामं लावायची. बँडमास्तर त्यातले सर्वांत वक्तशीर आणि सर्वांत तापदायक. क्लॅरिनेट वाजवायचे, चाली स्वतः बांधायचे आणि प्रत्येक चालीत मध्येच थांबायचे. ती जागा दुसऱ्या वादकाची. तिथे त्याने पाठ केलेलं नाही, त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं.

"पण मास्तर, वाजवू काय?" वादक रडकुंडीला यायचे.

"लेका, ते मला ठावं असतं तर म्याच वाजवलं नसतं व्हय?"

एक कॉर्नेटवालाच तेवढा ती जागा भरायचा. त्याचं ऐकताना मास्तर डोळे मिटून मान तिरकी करत. पुढे तो रांजणगावच्या कंपनीत लागला. बाकीचे त्या जागेत सिनेमाची गाणी घुसवू लागले. मग डीजे आले आणि बँडच मोडला.

अलीकडे एका नवरीच्या आजोबांनी हट्टाने मास्तरांना एकट्यालाच बोलावलं. डीजेपुढे ते कुणाला ऐकूही आले नाहीत. लग्न उरकल्यावर रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी आपली चाल धरली आणि त्या जागेपाशी येऊन थांबले. आमची माणसं लोखंडी खुर्च्या आदळत रचत होती. मी ओरडले, "अरे, जरा थांबा की!"

"न्हाई ताई, आदळू द्या," मास्तर म्हणाले. "तेवढंच कुणीतरी उत्तर देतंय."

पण माणसं माझं ऐकून हात आवरून उभी राहिली होती.