कालपेक्षा हळू

दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच वेळ आली. सासूबाईंनी गॅस बंद केला, हात फडक्याला पुसले, पण दाराकडे काही गेल्या नाहीत. बेल असताना दारावर थाप मारणारा माणूस इमारतीत एकच होता, आणि तो आज उगवणार ही धास्ती त्यांना काल दुपारपासूनच होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही उगीच नाही.

पुन्हा थाप पडली. आतल्या खोलीत हालचाल होती, पण ती दाराच्या दिशेनं नव्हती. धप्प असा आवाज झाला, मग कुणी कण्हल्यासारखं झालं, मग पुन्हा धप्प. धाकटी सून साडेसातपासून खोली लावून गादीवर पडत होती, उठत होती आणि परत पडत होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हे आवाज ऐकून सासूबाईंची पाचावर धारण बसली होती. पुढे कळलं, की कार्टूनमधला प्राणी पडायचा असला की ही आधी स्वतः पडून बघते. नऊ वर्षांत त्याची सवय झाली. सवय झाली नव्हती ती वहीची.

वही तीन आठवड्यांपूर्वी दिसली. टेबल पुसायला गेल्या तेव्हा ती उघडी होती आणि नाकावर नेमका चष्मा होता. सुनेच्या मुंगीसारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आई. स्टुलावरून उठताना आधी डावा हात ओट्यावर. मग थांबतात, २ सेकंद. कोणी बघतंय का ते बघतात. मग उठतात. उजवा पाय ओढत पाच पावलं.’ आणि त्याखाली, दोनदा रेघ मारून, ‘कालपेक्षा हळू.’

सासूबाईंनी टेबल तसंच अर्धवट पुसून सोडलं. दवाखान्यात पलंगाच्या पायाशी लटकवतात तसला कागद आपल्या घरात, आपल्याच नावानं? आणि तो कुणाला दाखवायला?

एकदा डोक्यात किडा शिरला की सगळंच दिसायला लागतं. टेबलावर एक हातभर आरसा होता. सून त्यात तोंडं वेडीवाकडी करून चित्रं काढते, हे माहीत होतं. पण तो आरसा हल्ली जरा तिरका झाला होता, आणि त्यात सुनेचं तोंड नव्हे, स्वयंपाकघरातला ओटा दिसत होता. मधूनच आतून टिक असा बारीक आवाज यायचा. तो कधी यायचा हे सासूबाईंनी दोन दिवस पारखून पाहिलं. त्या उठल्या की टिक. चार पावलं टाकून थांबल्या की टिक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या शुक्रवारभोवती लाल गोल होता आणि शेजारी अक्षरही नव्हतं. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, “तिचं काहीतरी असेल.” बायकोच्या बाबतीत हा मुलगा कधी ताकास तूर लागू देत नसे.

शुक्रवारी काय असणार, हे सासूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. थोरला येणार आणि त्यांना आपल्या घरी घेऊन जाणार. थोरल्याकडे वाईट काहीच नव्हतं. गेल्या वर्षी महिनाभर राहून आल्या होत्या. खिडकीपाशी गादीची खुर्ची होती, हातात चहा मिळत होता. फक्त ओट्याला हात लावू देत नसत. “आई, तुम्ही बसा,” एवढंच दिवसभर. महिन्याभरानं परत आल्या तेव्हा स्वतःच्या हातानं भाजी चिरताना त्यांना रडू आलं होतं, आणि घरात कांदा नव्हता.

तेव्हा त्यांनी उपाय केला. त्या दिवसापासून ओट्याला हात टेकवणं बंद. स्टुलावरून उठायचं ते शाळेत हजेरी दिल्यासारखं, एकदम ताठ. पाय ओढायचा नाही. मग बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून बसायचं. तीन आठवडे हे नाटक बिनबोभाट चाललं होतं.

पण काल सकाळी सून आंघोळीला गेली आणि त्यांच्यानं राहवलं नाही. वही उघडली. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. गावातच दिलेल्या लेकीला दाखवू, तीच वाचेल, म्हणून एक पान टरकन फाडलं आणि भाजीच्या पिशवीत कोंबलं. बाजारातून परत आल्या तर पिशवीत भोपळा होता, मिरच्या होत्या आणि पान नव्हतं. आणि दारावर थाप मारणारा तो माणूस मघाशीच जिन्यात वाकून काहीतरी उचलताना दिसला होता.

तिसरी थाप पडली तेव्हा खोलीचं दार उघडलं. केसात पेन्सिल खोचलेली, कोपरावर जुना निळा डाग, अशी सून बाहेर आली. “आई, दार वाजतंय.”

“हो का?” सासूबाई म्हणाल्या.

दारात तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल उभे होते. इमारतीत त्यांना माघारी कुलूपकाका म्हणत, कारण दाराचं कुलूप ओढून ओढून पाहिल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नसे. त्यांनी चप्पल काढली नाही. हातात ते पान होतं.

“वहिनी, बसायला आलेलो नाही,” ते म्हणाले आणि चष्मा सारखा करून खड्या आवाजात वाचू लागले. “‘काका, तिसरा मजला. सकाळी आठ वाजून दहा. कुलूप दोनदा ओढतात. दोन पायऱ्या उतरतात. परत वर. पुन्हा ओढतात. सात सेकंद. डावा हात कठड्यावर. मागे बघतात.’ हे जिन्यात सापडलं. गेल्याच आठवड्यात तळमजल्याचं कुलूप फुटलं, हे तुमच्या कानावर असेलच.”

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या. पान आपल्याबद्दल नव्हतंच, हे त्यांना आत्ता कळत होतं.

“अक्षर कुणाचं ते कळायला मला पोलीस नकोत.” काकांनी पान उलटं केलं. मागे एक अस्वल होतं, हातात पिशवी, नाकावर चष्मा. “तुमच्या सुनेनं रंगवलेल्या ‘लिफ्ट बंद आहे’ या पाटीवर हेच अस्वल बसलं होतं. संध्याकाळी सभा आहे. तुम्ही भाडेकरू आहात, भाडेकरूंनी कसं राहावं याचे नियम आहेत. मी हे सगळ्यांसमोर वाचणार. म्हटलं, पाठीमागून नको, आधी तोंडावर सांगावं.”

सुनेनं पान हातात घेतलं. मग टेबलावरची वही उचलून उघडली. वही शिवलेली होती. तिच्यातून पान गळून पडणं शक्यच नव्हतं. मध्ये एक फाटकी कड दात विचकून उभी होती. सुनेनं ती पाहिली, मग क्षणभर सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं. सासूबाईंनी हात फडक्यात गुंडाळले.

“माझ्याकडूनच पडलं असेल, काका,” सून म्हणाली. “चूक माझी. पाच मिनिटं आत या. मग खुशाल वाचा सभेत.”

सासूबाईंनी फडक्याचा पीळ आणखी आवळला. मला का वाचवते ही? आता हिचं काय देणं लागणार मी? वाचवणाऱ्याचाही संशय यावा, इतकी त्यांची मजल गेली होती.

या सुनेचं सगळंच बघण्यावर चालत आलेलं. बाप शिंपी होता. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच तो त्याचं माप डोळ्यांनी घेऊन टाकायचा, टेप नंतर नावापुरती. “आरशासमोर माणूस खोटा उभा राहतो,” लेकीला सांगायचा, “आत शिरताना बघ. कुठला खांदा पडलाय ते तेव्हा कळतं.” लेक मशीनखाली बसून उरलेल्या पुठ्ठ्यांवर माणसांचे खांदे काढायची. पुढे तिनं अकरा वर्षं एका स्टुडिओत, खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर, मधली चित्रं काढली. मोठे चित्रकार हात खाली आणि हात वर अशी दोन चित्रं काढून चहाला जात, मधली दहा ही काढी. एका सेकंदाला बारा चित्रं. बोटाला घट्टा पडला, मान आखडली. तिचं नाव सिनेमाच्या शेवटी पन्नास नावांच्या गर्दीत वर सरकून जाई. एकदा सासूबाई ते बघायला मुद्दाम गेल्या होत्या, पर्समधून चष्मा काढेपर्यंत दिवे लागले. स्टुडिओ बंद पडल्यावर टेबल घरी आलं. तेव्हापासून कधी मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, कधी हलणाऱ्या चित्रांचं काम.

काका चप्पल काढून आत आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. सुनेनं संगणकाचा पडदा सुरू केला. त्यात एक गुहा होती, गुहेला दार होतं, दाराला कुलूप. एक म्हातारं अस्वल बाहेर आलं, त्यानं कुलूप ओढलं, पुन्हा ओढलं, दोन पावलं गेलं, थांबलं, परत आलं, पुन्हा ओढलं. मग जाता जाता त्यानं दाराकडे मान वळवून पाहिलं.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला.

“दोनदा नाही,” काका म्हणाले. “मी आधी तीनदा ओढतो. मोजण्यात चूक आहे.”

“दुरुस्त करते.”

“आणि माझी पिशवी फाटकी नाही.”

“ती अस्वलाची आहे, काका.”

“बरं.” ते थोडे पुढे सरकले. “पुन्हा लाव.” तिनं पुन्हा लावलं. “मी मागे बघतो? असं?”

“रोज.”

“मला माहीत नव्हतं,” काका म्हणाले. ते खरंच हिरमुसले होते. “विचारलं का नाहीस? सांगितलं असतं मी.”

“विचारलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशीपासून वेगळे चालला असतात.”

“तरी विचारायचं,” काका ठामपणे म्हणाले. “माझं चालणं माझं आहे. ग्रंथालयातूनसुद्धा पुस्तक नोंद केल्याशिवाय जात नाही.”

सुनेची मान खाली गेली. “चुकलं माझं. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकते.”

काका उठले, चप्पल घातली, पान दारापाशी स्टुलावर ठेवलं. “काढायचं कशाला? तीनदा कर म्हणजे झालं,” म्हणाले आणि जिना उतरू लागले. दोन पायऱ्या उतरून थांबले, मागे बघायला मान वळली, आणि आपण काय करतोय ते कळल्यासारखी अर्ध्यातच परत फिरली.

दार लागलं. आता घरात दोघीच. सासूबाई स्टुलावरचं पान सरकवून तिथं बसल्या. खाई त्याला खवखवे.

“पान मी फाडलं.”

“माहीत आहे, आई.”

“मग त्यांच्यासमोर बोलली का नाहीस?”

“त्यांच्यासमोर कशाला?”

“आणि ते दुसरं?” सासूबाईंचा आवाज चढला. “‘कालपेक्षा हळू’? ते कुणाला दाखवायचं होतं? थोरल्याला? उद्या शुक्रवार आहे, मला दिसत नाही असं समजू नकोस. तो आरसा, ते टिकटिक करणारं यंत्र. सरळ सांग ना, की आई, आता तुमच्यानं होत नाही. मी माझी पिशवी भरते.”

सून बघतच राहिली. “थोरल्या भाऊजींचा काय संबंध?” मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि तो काही सुखाचा नव्हता. “अरे देवा. म्हणून तुम्ही तीन आठवडे ताठ उठताय?”

“मला काही होत नाही.”

“तुम्ही बाथरूममध्ये नळ सोडून बसता, आई. बादली भरून वाहते.”

तिनं सासूबाईंना हात दिला नाही, पडदाच त्यांच्याकडे वळवला. हे दुसरं अस्वल होतं, म्हातारी अस्वलीण. हिवाळाभर झोपून ती उठत होती. डावा पंजा दगडावर टेकला. थांबली. कुणी बघतंय का ते पाहिलं. अंग उचललं. आणि तिथून पुढे ती अचानक टुणकन सरळ उभी राहिली, सर्कशीतल्यासारखी.

“हे बघा, इथपर्यंत तुम्ही आहात,” सून म्हणाली. “पुढचं मी मनानं काढलंय. काम देणाऱ्यांकडून तीन वेळा परत आलं. म्हणतात, अर्ध्यापर्यंत खरी आहे, पुढे खोटी. सकाळपासून मीच पडून उठून बघतेय, पण माझा गुडघा दुखत नाही ना. उद्या शेवटचा दिवस. नाही जमलं तर तो तुकडा कापणार, मग ती गुहेतून बाहेर कशी आली तेच मुलांना कळणार नाही.”

“मग हळू का लिहिलंस?”

“त्या दिवशी तुम्ही हळू उठलात. मला वाटलं, दुखणं वाढलंय. डॉक्टरांना विचारायचं म्हणून रेघ मारली.” तिनं काकांनी ठेवलेल्या पानाकडे पाहिलं. “तुम्हालाही विचारायला हवं होतं. काकांचं खरं आहे.”

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनातला संशय एवढ्यानं संपला नव्हता. तीन आठवडे पोसलेली मांजर एका हाकेला घराबाहेर जात नाही. “थोरल्याकडे नाही ना पाठवणार?”

“आणि इथली भाजी कोण चिरणार? तुमच्या मुलाला भोपळा आणि काकडी यांतला फरक कळत नाही.”

“ते खरं,” सासूबाई म्हणाल्या. “बापावर गेलाय.”

सुनेनं आरसा भिंतीकडे फिरवला. सेकंद मोजायचं यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, फरशीवर मांडी घालून, सगळ्यांना दिसेल अशी उघड बसली आणि केसातली पेन्सिल काढली. सासूबाई ओट्यापाशी आपल्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसल्या. जाताना पाय ओढला गेला, आणि त्यांनी तो ओढू दिला. मग बसल्या बसल्या त्यांची पाठ सवयीनं ताठ झाली.

“आई,” सून म्हणाली, “एकच मागते. दुखतंय तसं उठा.”